तीनवाटीची बाहेरची गोष्ट

माझ्या बायकोला, सूखिमला काय झालंय हे मला कळलं तो ऑक्टोबरातला मंगळवार होता. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं दौलियूच्या हॉस्पिटलात गेलो होतो. नर्सने "नातेवाईक कोण?" असं विचारून मला एकट्याला आत नेलं. आमच्याकडे असंच चालतं. डॉक्टर आधी घरच्यांना सांगतात, आणि आजाऱ्याला किती सांगायचं ते घरचे ठरवतात. डॉक्टर तरुण होता, माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने पडद्यावरचं चित्र माझ्याकडे वळवलं, स्वादुपिंडावर पेन टेकवलं आणि म्हणाला, "काका, चार महिने. फार तर सहा." मग म्हणाला, "काकूंना तुम्ही सांगाल का मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

बाहेर ती बाकावर मोबाइल घेऊन बसली होती. चष्मा कपाळावर चढवलेला, मोबाइल नाकाजवळ.

"काय म्हणाला?"

"अल्सर आहे. मोठा आहे. तिखट बंद, कॉफी बंद."

"बरं," ती म्हणाली, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ, आली शेवटी. तीनवाटीची बाहेरची गोष्ट काढतायत. वीस भाग. फेब्रुवारीत, आपलं नवीन वर्ष झालं की सुरू."

मी म्हणालो, "अरे वा."

"एवढंच? तेवीस वर्षं थांबलोय आपण, म्हाताऱ्या."

मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणालो, चल, बस चुकेल.

तीनवाटी म्हणजे बाहुली. 'नऊ खिंडी' नावाची बाहुल्यांची मालिका आमच्या हुवेई गावातच तयार होते. लाकडी डोकी, लांब बाह्यांचे रेशमी कपडे, आत माणसाचा हात, आणि सगळ्यांचे आवाज काढणारा एकच माणूस. तलवारबाज, साधू, राजकन्या, राक्षस, सगळं त्या एका गळ्यातून. दर शुक्रवारी कोपऱ्यावरच्या दुकानात दोन नवे भाग येतात. मी टॉवेलच्या गिरणीत माग दुरुस्त करायचो. शुक्रवारी सुटलो की डिस्क घेऊनच घरी. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, पण शुक्रवार चुकला नाही.

तीनवाटी या मालिकेत कोणी मोठा नाही. सातव्या खिंडीपाशी, नदीच्या उताराजवळ त्याची चहाची टपरी. मोठमोठे वीर तिथे थांबतात, पुढच्या लढाईचे बेत करतात, आणि हा म्हातारा त्यांना चहा ओतत राहतो. कोणीही असो, तीन वाट्या. चौथी मागितली तर म्हणतो, "उद्या या." बस. तेवीस वर्षांत याहून जास्त तो एखाद-दुसऱ्यांदाच बोलला असेल. आणि मग एका भागात नायक खिंडीत येतो तर टपरी बंद. चूल थंड. नायक म्हणतो, "अरे, म्हातारा गेला वाटतं कुठे," आणि पुढे निघतो. त्या दिवशी सूखिमने रागाने टीव्ही बंद केला होता.

"गेला वाटतं कुठे?" ती म्हणाली. "तुला शंभर वेळा चहा पाजला त्याने, मेल्या. जरा शोध तरी."

तिला मुख्य मालिकेपेक्षा बाहेरच्या गोष्टी आवडायच्या. मुख्य मालिकेतलं एखादं कोपऱ्यातलं पात्र उचलून त्याची वेगळी छोटी मालिका काढतात, तिला आमच्याकडे बाहेरची गोष्ट म्हणतात. सेनापतीच्या घोडेवाल्याची निघाली होती. विष तयार करणाऱ्या डॉक्टरच्या थोरल्या बहिणीची निघाली होती, ती तर आम्ही चार वेळा बघितली. मी आधी म्हणायचो की हे सगळं डिस्क विकायचे धंदे आहेत. सूखिम म्हणायची, "तिकडे ती बहीण दारात दिवा घेऊन उभी राहते, एवढंच. इकडे कळतं की तिचे गुडघे दुखतात आणि तिला दिवा धरायचा कंटाळा आलाय. मला हे बघायचं असतं."

मला काय आवडायचं, तर चुका शोधायला. मागवाल्याची सवय. एक धागा तुटला तरी डोळ्याला टोचतो. "घोडेवाल्याचा व्रण तिकडे डाव्या गालावर होता," मी म्हणायचो. "इकडे उजव्या." ती म्हणायची, "आरशात बघत असेल तो." "युद्धात आरसा कुठला?" "तू गप्प बस आणि शेंगा सोल." मग जुन्या डिस्क काढून आम्ही खात्री करायचो. बहुतेक वेळा मी बरोबर असायचो. तिला त्याचं काही वाटायचं नाही. ती तेवढ्यात तो जुना भाग पुन्हा शेवटपर्यंत बघून घ्यायची, आणि म्हणायची, आता हा घोडा किती वेगळा दिसतो बघ, आपल्याला त्याचं नाव माहीत झाल्यावर.

आणखी एक सांगायला हवं. सूखिम त्या बाहुल्यांचे कपडे शिवायची. घरी बसून, नगावर. बिनचू नावाची बाई स्टुडिओतून कापड आणि नमुने आणून गावातल्या सात-आठ बायकांना वाटायची, त्यातली एक सूखिम. अठरा वर्षं. काय शिवलं ते बाहेर बोलायचं नाही, असा कागद सगळ्यांनी सही करून दिलेला. बाकीच्या बायका नवऱ्यांना सांगत असतील. ही नाही. मी खोलीत पाऊल टाकलं की मशीनवर जुनी चादर पडायची.

"डोळे मीट."

"अगं, पाणी प्यायला आलोय."

"मिटून पी."

मला वाटायचं, कागदाला घाबरते. एकदा तसं म्हणालो तर म्हणाली, "कागद गेला खड्ड्यात. तुला आधी कळलं तर शुक्रवारी तुझं तोंड बघायला काय मजा?"

तर त्या ऑक्टोबरात मी मुलीला फोन केला. पेईफन ताईचुंगला दातांच्या दवाखान्यात काम करते, नवराही तिकडचाच. मला ती आपा म्हणते, आईला आबू. ती रडली, आणि रडून झाल्यावर भांडली.

"आपा, आबूला सांगायला हवं."

"काय सांगू? चार महिने म्हणून?"

"तिला काही करायचं असेल. कुठे जायचं असेल. कोणाला भेटायचं असेल."

"तिला तीनवाटी बघायचाय," मी म्हणालो. "फेब्रुवारीत सुरू होतोय. तोवर तरी तिला नीट झोपू दे."

पेईफनने ऐकलं, पण मनापासून नाही. घरी आली की आईला सफरचंद कापून द्यायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

सूखिमने विचारलं नाही. एकदा जानेवारीत, भांडी घासताना ओट्याला धरून वाकली आणि म्हणाली, "काय रे, अल्सर इतका दुखतो?"

"दुखतो," मी म्हणालो. "गिरणीतल्या फोरमनला होता. लोळायचा."

"बरा झाला?"

"झाला."

फोरमन वारला होता. तिलाही ते माहीत असायला हवं होतं, आम्ही दोघं त्याच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. हे मला दोन दिवसांनी आठवलं. तिने त्या वेळी फक्त "बरं" म्हणून पुढची वाटी घासायला घेतली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी तीनवाटी सुरू झाला. तोवर ती सोफ्यावर आडवी होऊन बघायला लागली होती, दंडावर दुखणं कमी करायची पट्टी लावलेली. पण बघायची. पहिल्या भागात तो लहान आहे, दुष्काळ आहे, घरात तीन भावंडं आणि तीनच वाट्या. आई पेज तीन वाट्यांत ओतते आणि म्हणते, मी मघाशी जेवले. सूखिमने माझ्या मनगटाला घट्ट धरलं.

"म्हणून तीन," ती म्हणाली. "बघ. तेवीस वर्षं मला वाटायचं, चिक्कू आहे म्हातारा."

"पण मुख्य मालिकेच्या एकविसाव्या पर्वात तो म्हणतो, मला भाऊ-बहीण नाहीत."

"मेली असतील ना, ढब्बू."

मेली होती. चौथ्या भागात. मी शेंगा सोलत बसलो.

सहा शुक्रवार आम्ही बघितलं. बारा भाग. बाराव्याच्या शेवटी मारेकरी खिंडीच्या तोंडाशी येतात. खाली उताराला होडी लागलेली आहे, तिच्यात पळून आलेली माणसं बसतायत, बायका, पोरं. आणि तीनवाटी चूल पेटवतोय. सूखिमचे डोळे मिटायला लागले होते. मी म्हणालो, उद्या परत लावू. ती म्हणाली, "नको. मला झोप लागली तर पुढचं तू बघ आणि मला सांग. नीट सांग. चुका काढत बसू नकोस."

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी ती गेली. मी तिच्यासाठी पेज गाळत होतो.

समोरच्या खोलीत तिचा फोटो मांडला. एकोणपन्नास दिवस रोज सकाळ-संध्याकाळ गेलेल्या माणसाला वाढायचं असतं. सकाळी घमेल्यात कोमट पाणी, टॉवेल, ब्रशावर पेस्ट, मग पेज. संध्याकाळी भात, भाजी, मासा. उदबत्ती अर्धी जळली की दहाची दोन नाणी टाकून विचारायचं, जेवलीस का? एक छापा, एक काटा आला की हो, मग आवरायचं. दोन्ही छापे आले तर ती हसतेय. दोन्ही काटे आले तर नाही, अजून थांब. मला वाटलं होतं की हे मला जमणार नाही. पण जमलं. सकाळी उठायला काहीतरी कारण तर होतं. नाणीही लगेच हो म्हणायची. जेवायला तिला कधी वेळ लागत नसे.

शुक्रवारी मी दुकानात गेलो. दुकानातल्या पोरीने न विचारता तेरावा-चौदावा भाग काढून दिला. घरी येऊन एकट्याने बघितला, आणि शनिवारी सकाळी पेज वाढल्यावर फोटोसमोर बसून तिला सांगितला. गोष्ट मध्येच मागे, त्याच्या तरुणपणात गेली होती, आणि मला गोष्ट सांगता येत नाही. मी मागचं पुढे सांगतो. "थांब, त्याआधी असं झालं," असं तीनदा म्हणालो. शेवटी विचारलं, कळलं का? एक छापा, एक काटा. असे तीन शनिवार गेले. खरं सांगायचं तर ते शनिवार बरे गेले.

चौथ्या शुक्रवारी शेवटचे दोन भाग आले, पुन्हा त्याच टपरीवरचे.

तीनवाटी मरतो. मारेकऱ्यांना तो टपरीत बसवतो आणि चहा देतो. पहिली वाटी, दुसरी, तिसरी. होडी अजून सुटलेली नाही, दोर ओला झालाय, गाठ निघत नाही. मारेकऱ्यांचा म्होरक्या उठायला लागतो. आणि तीनवाटी आयुष्यात पहिल्यांदा म्हणतो, "चौथी घ्या." म्होरक्याला त्याची ख्याती माहीत आहे, तो हसतो आणि परत बसतो. चौथी वाटी संपेपर्यंत होडी मध्यावर गेलेली असते. मग ते त्याला तिथेच मारतात. कपडा फाटतो, चुलीत पडतो. बाहुलीच ती, पण मी टीव्ही बंद करून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

शनिवारी पेज वाढली आणि मला ते सांगता येईना. सहा महिने मी तिला मरणाचं काही सांगितलं नव्हतं, आता कुठून सुरू करू? मी म्हणालो, "सूखिम, होडी सुटली. आणि तीनवाटीने शेवटच्या क्षणी उडी मारली होडीत. दक्षिणेला गेला. तिकडे त्याने नवीन टपरी टाकली, समुद्राकाठी. शेवटी तो बसून स्वतःच चहा पितो."

नाणी टाकली. दोन छापे. हसत होती.

पुन्हा टाकली. दोन छापे. तिसऱ्यांदा दोन काटे. त्यानंतर काटेच. पेज थंड झाली. नवव्यांदा कसंबसं हो आलं, तेही एक नाणं टेबलाच्या पायाला लागून उलटलं म्हणून.

त्या दिवसापासून रोज असंच. दहा वेळा, पंधरा वेळा. एकदा मी नाणी बदलून बघितली.

माणूस गेल्यावर दर सातव्या दिवशी विधी असतो, त्याला साता म्हणतात. पाचवा साता मुलीचा असतो. पेईफन आदल्या दिवशीच आली, सगळं तिनेच रांधलं. मंत्र म्हणायला देवळातली बाई आली होती, आणि बिनचू आली होती, तळलेला दूधमासा घेऊन. मंत्र झाले, उदबत्ती खाली आली, पेईफनने नाणी टाकली. काटे. परत काटे. सात वेळा झाल्यावर मंत्रवाल्या बाईने घड्याळ बघितलं.

"काहीतरी राहिलंय," ती म्हणाली. "बघा, काठ्या ठेवल्यात का जेवायच्या?"

"ठेवल्यात."

"मग मासा," बिनचू म्हणाली. "माझ्या माशाला ती जिवंतपणीही नावं ठेवायची. मीठ जास्त, म्हणायची. आबूला सांग गं, आज कमी घातलंय."

पेईफनने सांगितलं. दोन काटे.

"जास्तच पडलं असेल," बिनचू म्हणाली, आणि पेईफन हसली, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मग चपला आणल्या. मग चष्मा आणून फोटोसमोर ठेवला. मग पेईफनने विचारलं, नातवंड नाही म्हणून रागावलीस का, आणि ती विचारतानाच रडायला लागली, आणि आले दोन छापे. मंत्रवाली बाई म्हणाली, "हसतेय म्हणजे ते नाही. कामाचं काही राहिलंय का? शिवणकाम करायच्या ना?"

"काम चोख," बिनचू म्हणाली. "तिचं काही राहिलेलं नाही. नवीन वर्षानंतर काम देऊ नकोस, डोळे दुखतात, असं तिने नोव्हेंबरातच सांगितलं होतं. आणि हातातलं सगळं आधीच दिलं. तीनवाटीचे दोन्ही जोड तर ऑगस्टातच दिले."

"दोन्ही म्हणजे?" मी विचारलं.

बिनचूने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कधी सांगितलं नाही तिने? मरणाऱ्याचे दोन जोड शिवतात, हिओंगदादा. हुबेहूब एकासारखा एक. एक घालायला आणि एक फाडायला. फाडायचा जोड तीच करायची, तिच्याइतकं कोणाला जमत नसे. कुठे वार बसणार तो कागद मी आणून द्यायचे, त्याबरहुकूम उसवायची, जाळायची, डाग पाडायची. तीनवाटीचा करताना मात्र मला म्हणाली, बाई, हा मला नको देऊस. मग दुसऱ्या दिवशी करून दिला."

मी ऑगस्ट मोजला. बाकावर बसून "आली शेवटी" म्हणाली तो ऑक्टोबर. तिला तेव्हाच माहीत होतं. बारा भाग ती माझं मनगट धरून बसली, आणि तो वाचेल ना गं, असं मी प्रत्येक शुक्रवारी विचारलं. ती म्हणायची, बघ की. पुढचं तू बघ आणि मला सांग, म्हणाली, तेव्हा त्याला कुठे वार बसणार हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

"आपा?" पेईफन म्हणाली. "काय झालं?"

मी गुडघ्यावर बसलो. तिघी बायका मागे उभ्या. एवढ्या लोकांत बोलायची मला सवय नाही.

"सूखिम," मी म्हणालो, "मी खोटं बोललो. उडीबिडी काही मारली नाही त्याने, समुद्राकाठी टपरीही टाकली नाही. तो तिथेच मेला. चौथी वाटी दिली त्याने, आणि मेला. होडी गेली पण. सगळी माणसं वाचली. तुला माहीतच आहे."

पेईफनने नाणी माझ्या हातात दिली. मी टाकली. एक छापा, एक काटा.

मंत्रवाल्या बाईने नमस्कार केला आणि म्हणाली, चला, तिच्यासाठीचे कागदी पैसे जाळायला घ्या. बिनचू नाक पुसत होती. "खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलायचं," ती म्हणाली. "समुद्राकाठी टपरी म्हणे. त्या म्हाताऱ्याला पाण्याची भीती वाटते, हे सगळ्या हुवेईला माहीत आहे." हे खरं होतं. अकराव्या पर्वात आहे. एवढी चूक मी कशी केली, मला माहीत नाही.

दुपारी पेईफन मोरीत भांडी घासत होती आणि मी पुसत होतो. ती पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे आबूला शेवट आधीपासून माहीत होता. आणि तरी तुमच्याबरोबर बघत होती, माहीत नसल्यासारखी."

"हो."

"आपा, मग," ती म्हणाली, आणि थांबली.

"मग काय?"

"काही नाही. ते मोठं ताट द्या."

ती का थांबली ते मला कळलं. तिलाही कळलं की मला कळलं. आम्ही ताटं पुसून ठेवली आणि ती संध्याकाळच्या गाडीने गेली.

तेव्हापासून मी तेच उगाळतोय. नोव्हेंबरातच तिने पुढचं काम नको म्हणून सांगितलं, डोळे दुखतात म्हणून. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. फोरमन बरा झाला म्हणालो तेव्हा तिने मला खोडलं नाही, आणि ती मला सोडणारी बाई नव्हती. डिसेंबरात तिने मला तांदळाच्या शेवया परतायला शिकवल्या. मी म्हणालो, तू आहेस की, तर म्हणाली, मला कंटाळा आलाय. पण हे सगळं असंही असू शकतं की डोळे खरंच दुखत होते, आणि कंटाळा खरंच आला होता. माणूस गेल्यावर त्याच्या प्रत्येक वाक्याला अर्थ चिकटवता येतो. मी मागवाला आहे, मला धागा दिसतो, पण हा कुठे जातो ते दिसत नाही.

एकोणपन्नास दिवस झाले. शंभर दिवस झाले. आता रोज वाढत नाही, पहिल्या आणि पंधराव्या तिथीला वाढतो. शुक्रवार मात्र चालू आहे. हिवाळ्यात होडीवालीची बाहेरची गोष्ट आली. तीच होडी, तोच ओला दोर, पण सगळं पाण्याच्या बाजूने. तिला लांबून टपरीतला धूर दिसतो आणि ती वल्हं थांबवत नाही. चांगली आहे. तीनवाटीपेक्षाही चांगली असेल. शनिवारी मी सूखिमला सांगतो, नीट, पुढचं पुढे आणि मागचं मागे, हल्ली मला थोडं जमायला लागलंय. चुकाही सांगतो. होडीवालीच्या कानातलं एका दृश्यात गायब आहे. नाणी पहिल्या फेरीला हो म्हणतात.

नाणी हातात असतात तेव्हा ते एक विचारायचं मनात येतं, तुला तुझंही माहीत होतं का? हो आलं, तर ती सहा महिने ते एकटीने घेऊन झोपत होती, शेजारी मी असताना, मला त्रास नको म्हणून. नाही आलं, तर निरोप घ्यायची संधी मी तिच्याकडून काढून घेतली. दोन्ही छापे आले तर मी काय करीन, मला माहीत नाही. म्हणून मी विचारतो, जेवलीस का, आणि आवरतो.

वर्षश्राद्ध तिथीने करतात, यंदा ते सतरा तारखेला आहे. त्या दिवशी तिचा फोटो उतरवतात, आणि तिचं नाव पूर्वजांच्या लाकडी पाटीवर माझ्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या नावांत मिळवतात. मग नाणी टाकली तरी ती सगळ्यांना मिळून विचारल्यासारखी असतात. तिला एकटीला काही विचारता येत नाही. पेईफन दोन दिवस आधी येईन म्हणालीय. आज सहा तारीख. हॉस्पिटलात मला काय सांगितलं होतं, ते मी सूखिमला अजून सांगितलेलं नाही.